पोटातील जाळी आणि तिचे दप्तर

मनुष्याच्या देहात जी वस्तू एकदा ठेवली की पुन्हा बाहेर काढावयाची नसते, जिचे वास्तव्य त्या देहाच्या अखेरपर्यंत गृहीत धरलेले असते आणि जिच्या बऱ्यावाईट गुणांचा अनुभव ती ठेवणाऱ्यापेक्षा ती वागवणाऱ्यालाच अधिक घ्यावा लागतो, अशा वस्तूची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शल्यशास्त्राचा वाटतो. परंतु जरा खोल गेले म्हणजे तो न्यायाचा, अर्थकारणाचा आणि राज्यकारभाराचाही आहे असे ध्यानात येते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत वापरली जाणारी कृत्रिम जाळी ही अशा वस्तूंपैकी एक होय. एकट्या जांघेतील हर्नियाच्या, म्हणजे ज्याला आपल्याकडे अंतर्गळ म्हणत आले त्या विकाराच्या, शस्त्रक्रिया जगात दरवर्षी दोन कोटींहून अधिक होतात, आणि पुरुषाला आयुष्यात केव्हातरी हा विकार जडण्याचा संभव शेकडा २७ इतका मानला जातो. त्यात बेंबीचा हर्निया आणि पूर्वीच्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून उद्भवणारा हर्निया मिळवला, म्हणजे या साध्या दिसणाऱ्या जाळीचा संबंध किती संसारांशी येतो याची कल्पना येईल. माझे म्हणणे असे आहे की, या जाळीची योग्यता तिच्या बळकटीवरून, नावीन्यावरून अथवा किमतीवरून ठरवता येत नाही. ती ज्यांच्या पोटात गेली त्यांचे पुढे काय झाले, याची वर्षानुवर्षे इमानाने ठेवलेली नोंद हाच तिच्या योग्यतेचा एकमेव विश्वसनीय दाखला आहे.

या म्हणण्याची सिद्धता करण्यासाठी प्रथम व्याधीचे स्वरूप थोडे उलगडून पाहिले पाहिजे. पोटाची भिंत ही स्नायूंचे थर आणि त्या थरांना एकत्र बांधणारे पांढरे, चिवट कंडरापटल यांची बनलेली असते. खोकताना, कुंथताना, ओझे उचलताना या भिंतीवर आतून दाब पडतो. जोराच्या खोकल्यात तो पाऱ्याच्या १७० मिलिमीटरपर्यंत जातो. भिंतीत कोठे छिद्र अथवा दुबळेपणा असला की आतली चरबी किंवा आतडे तेथून बाहेर डोकावू लागते. छिद्र आहे तर ते शिवून टाकावे, हा विचार स्वाभाविक आहे आणि शतकानुशतके शल्यचिकित्सकांनी तोच केला. पण छिद्राच्या दूर गेलेल्या कडा ओढून जवळ आणल्या म्हणजे टाक्यावर ताण येतो, ताणलेल्या भागाचा रक्तपुरवठा घटतो, आणि प्रत्येक श्वासाबरोबर ओढला जाणारा दोरा हळूहळू मांस कापीत जातो. शिवाय, ज्यांना हर्निया होतो त्यांपैकी कित्येकांच्या अंगातील कॉलेजनची घडणच सदोष असते, म्हणजे दुबळ्या भागाची डागडुजी त्याच दुबळ्या द्रव्याने करण्याचा हा खटाटोप ठरतो.

१८८४ साली इटलीतील पादुआ येथे एदुआर्दो बास्सिनी याने जांघेच्या हर्नियाची जी शस्त्रक्रिया सुरू केली, तिने या शास्त्राचे अर्वाचीन पर्व उघडले. बास्सिनीचे नाव घेताना त्याच्या शरीररचनेच्या सूक्ष्म ज्ञानाचा गौरव सर्वच करतात. मला मात्र त्याच्या दुसऱ्या गुणाचे अधिक महत्त्व वाटते. अडीचशेंहून अधिक शस्त्रक्रिया केल्यानंतर तो त्या रोग्यांच्या मागावर राहिला, कोणाचा हर्निया पुन्हा उद्भवला आणि कोणाचा नाही याचा हिशेब त्याने मांडला, आणि पुनरुद्भवाचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आहे असे जगाला सांगितले. जखम भरली आणि रोगी घरी गेला म्हणजे काम संपले, असे मानण्याच्या काळात हे फार मोठे धाडस होते. पुढे दुसऱ्यांनी त्याची पद्धती उचलली, पण तिच्यातील एक महत्त्वाची पायरी, खोलवरचे पटल उघडून तिन्ही थर एकत्र शिवण्याची, गाळून टाकली. नाव बास्सिनीचेच राहिले आणि फळ मात्र पुष्कळच हीन मिळू लागले. मूळ पद्धती आणि तिची भ्रष्ट नक्कल यांतील हा फरक कळला तो देखील हिशेब ठेवणाऱ्यांनाच.

कंडरापटलाइतके चिवट ऊतक कृत्रिम रीतीने निर्माण करता आले तर हर्नियाच्या समूळ उपचाराचे रहस्य हाती येईल, असे उद्गार व्हिएन्नाचा विख्यात शल्यविशारद थिओडोर बिलरोथ याच्या नावावर सांगितले जातात. हे स्वप्न धातूंच्या मार्गाने साकार करण्याचे प्रयत्न प्रथम झाले. १९०० च्या सुमारास जर्मनीत चांदीच्या तारेची जाळी पोटात बसवली गेली, आणि १९४० नंतरच्या दशकात टँटॅलम व पोलादाच्या जाळ्या आल्या. परंतु दिवसातून हजारो वेळा वाकणाऱ्या भिंतीत बसवलेली तार धातूच्या थकव्याने मोडते, तिची टोके टोचतात आणि जाळीचेच तुकडे होतात. खरी वाट मोकळी झाली ती रसायनशास्त्रज्ञांमुळे. १९५४ साली इटलीच्या जूलिओ नात्ता याने पॉलिप्रॉपिलीनचे सुव्यवस्थित साखळीचे रूप सिद्ध केले, ज्या संशोधनमालेबद्दल त्याला १९६३ चे नोबेल पारितोषिक कार्ल त्सिग्लर याच्यासह मिळाले. अमेरिकेत ह्यूस्टन येथे फ्रान्सिस अशर याने १९५८ मध्ये प्रथम पॉलिइथिलीनची विणलेली जाळी वापरली आणि काही वर्षांतच तो पॉलिप्रॉपिलीनकडे वळला, कारण हे द्रव्य अधिक उष्णता सोसते आणि देहातील द्रवांत सहजी विरघळत नाही. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या बहुसंख्य जाळ्यांची वंशावळ या प्रयोगांपर्यंत जाऊन पोचते. मग लॉस एंजेलिसच्या आयर्विंग लिक्टेनस्टाइन व त्याच्या सहकाऱ्यांनी कडा ओढून शिवण्याचा नादच सोडून दिला आणि छिद्रावर जाळी सैलसर पसरून ती बसवली. १९८९ साली त्यांनी लागोपाठच्या १,००० रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि एक ते पाच वर्षांच्या अवधीत एकही पुनरुद्भव आढळला नाही असे नमूद केले. ताणरहित दुरुस्तीचा हा विचार इतका सरळ आणि शिकण्यास इतका सोपा होता की पाहता पाहता तो सर्वत्र रूढ झाला.

आता जाळी नेमके करते काय, याविषयी सामान्य माणसाच्याच नव्हे तर एकेकाळी जाळी बनवणाऱ्यांच्याही मनात एक गैरसमज होता, आणि तो सविस्तर सांगण्यासारखा आहे. फाटक्या जागी भक्कम ठिगळ लावावे तशी जाळी भिंतीला आधार देते, म्हणून ती जितकी जाड आणि जितकी बळकट तितकी उत्तम, अशी समजूत कित्येक वर्षे चालू होती. वस्तुतः जाळी ही मांडवासारखी आहे. तिच्या धाग्यांभोवती देह नवे तंतुमय ऊतक चढवतो आणि काही आठवड्यांनी भार पेलतो तो या सजीव तंतूंचा व जाळीचा एकवटलेला थर. म्हणून धाग्यांच्या बळकटीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, त्यांच्यामधील रिकाम्या जागेची मातब्बरी आहे. छिद्रे ७५ मायक्रॉनहून मोठी असली तर देहाचे रक्षण करणाऱ्या भक्षक पेशी, नव्या रक्तवाहिन्या आणि तंतू तयार करणाऱ्या पेशी त्यांतून आत जाऊ शकतात. ती १० मायक्रॉनहून लहान असली तर एका मायक्रॉनच्या आसपासचा जंतू आत शिरून बसतो, आणि त्याला पकडणारी, त्याच्याहून कितीतरी मोठी असलेली पेशी मात्र दाराशीच अडते. असे झाले की जंतुसंसर्ग आटोक्यात येत नाही आणि अखेर जाळीच काढावी लागते. परवीझ अमीद याने १९९७ मध्ये जाळ्यांचे जे वर्गीकरण मांडले त्याच्या मुळाशी हाच विचार होता.

परंतु ७५ मायक्रॉन ही केवळ आत शिरण्यापुरती मर्यादा झाली. जर्मनीतील आखेन येथे फोल्कर शुम्पेलिक आणि उवे क्लिंगे यांच्या गटाने काढून घेतलेल्या जाळ्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यांना असे दिसले की, प्रत्येक धाग्याभोवती देह परक्या वस्तूविरुद्ध एक दाहजन्य वेष्टन उभारतो, आणि धागे फार जवळजवळ असतील तर शेजारशेजारची वेष्टने एकमेकांत मिसळून सगळ्या जाळीचा एकच ताठर पत्रा होतो. मग तो वण आकसू लागला की जाळीही चुरगळते, आणि पोटाला आपण पाटी बांधली आहे असे रोग्याला वाटू लागते. याच गटाने आणखी एक साधा हिशेब केला, जो त्याआधी कोणी केला नव्हता याचे आज नवल वाटते. पोटाच्या भिंतीवर पडणारा ताण अधिकात अधिक किती असू शकेल? उत्तर आले, सेंटिमीटरला सुमारे १६ न्यूटन. तोपर्यंतच्या जड जाळ्या याच्या कित्येक पट ताण सोसतील अशा विणल्या जात होत्या. म्हणजे कधीही न येणाऱ्या संकटासाठी देहाला कायमचा जाच सोसावा लागत होता. यातून १९९८ च्या सुमारास हलक्या, मोठ्या छिद्रांच्या जाळ्या आल्या, ज्यांत चौरस मीटरला ८० ते १०० ग्रॅमऐवजी ३५ ग्रॅमच्या आसपास द्रव्य असते. अर्थात हलकेपणाचेही वेड लागू नये. भिंतीतील मोठ्या छिद्रावर अती हलकी जाळी ताणून बसवली तर ती मधोमध फाटल्याचे आढळले आहे, आणि त्यानंतर जाणती मंडळी केवळ वजन न पाहता जाळीच्या छिद्रांच्या आकाराकडे व जागेच्या गरजेकडे पाहू लागली. बळकटी हा गुण खरा, पण गरजेपुरताच. त्यापलीकडे तो दोष होतो, आणि ही सीमारेषा कोणत्याही कारखान्यातील यंत्रावर दिसली नाही, ती दिसली रोग्याच्या देहातून परत आलेल्या जाळीत.

जाळीने रोग्याचे हित झाले की अहित, याचा निवाडा करणारे दोन मोठे पुरावे मला फार बोलके वाटतात. पहिला हॉलंडचा. पोटाच्या जुन्या व्रणातून आलेल्या हर्नियाच्या रोग्यांत काहींचे छिद्र नुसते शिवले आणि काहींना जाळी बसवली, आणि कोणाला काय मिळावे हे चिठ्ठ्या टाकावे तसे दैवावर सोपवले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तीन वर्षांनंतर नुसत्या टाक्यांच्या गटात शेकडा ४३ आणि जाळीच्या गटात शेकडा २४ जणांचा हर्निया परत आला होता. दहा वर्षांनंतर हेच आकडे ६३ आणि ३२ झाले. नुसत्या टाक्यांची बाजू मांडणाऱ्याला हे आकडे दृष्टीआड करता येणार नाहीत. परंतु याच खतावणीची दुसरी बाजू डेन्मार्कने लिहून ठेवली. तेथील राष्ट्रीय नोंदणीतून ३,२४२ रोग्यांचा पाच वर्षांचा मागोवा घेऊन २०१६ साली जो वृत्तान्त प्रसिद्ध झाला, त्यात पुनरुद्भवामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण जाळीविना शेकडा १७ आणि जाळीसह ११ ते १२ असे होते. मात्र जाळी घातलेल्यांत जाळीमुळेच उद्भवलेल्या गंभीर उपद्रवांचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत शेकडा ५.६ आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ३.७ इतके निघाले, आणि ते वर्षागणिक वाढत होते. आतड्याला जाळी चिकटणे, आतड्यातून त्वचेपर्यंत वाट पडणे, वर्षांनंतर पू धरणे, हे ते उपद्रव. म्हणजे जाळी एका दुःखाचे निवारण करते आणि थोड्यांच्या वाट्याला दुसरे दुःख देते. पहिल्याचे माप लगेच घेता येते, दुसरे उशिरा येते. आणि जे उशिरा येते ते नोंद न ठेवणाऱ्याला कधी आलेलेच नसते.

किमतीच्या प्रश्नाकडे वळताना मला प्रथम धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा या गावाचे स्मरण करावेसे वाटते. तेथे व्यवसाय करणारे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्यापुढे प्रश्न असा होता की, ताणरहित दुरुस्ती ही उत्तम पद्धती असल्याचे सिद्ध झालेले, आणि तिला लागणारी आयात केलेली जाळी मात्र शेतमजुराच्या ऐपतीबाहेरची. हर्निया वागवीत पट्टा बांधून काम करणारा माणूस शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहतो, आणि एके दिवशी आतडे अडकून पिळले जाते, तेव्हा प्रश्न पैशांचा राहत नाही, प्राणांचा होतो. डॉ. टोणगावकरांनी मच्छरदाणीच्या कापडाकडे पाहिले. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या मिश्र बहुवारिकाचे, कीटकनाशक न लावलेले ते कापड रासायनिक दृष्ट्या जाळीच्याच गोत्रातले होते, मोठ्या छिद्रांचे होते, वजनाने हलके होते, आणि योग्य तापमानाच्या वाफेने निर्जंतुक करता येत होते. पण येथेच ते थांबले असते तर ती एका हुशार ग्रामीण डॉक्टराची युक्ती ठरली असती. त्यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या शल्यचिकित्सकांना सोबत घेतले, साडेतीनशेंहून अधिक हर्नियांच्या दुरुस्तीची नोंद केली, आणि २००३ साली ती भारतीय शल्यशास्त्राच्या नियतकालिकात तपशिलासह प्रसिद्ध केली. जे केले ते इतरांनी तपासावे म्हणून खुले केले, हे या कार्याचे खरे मोल आहे.

त्यानंतर घाना आणि बुर्किना फासो येथे मच्छरदाणीची कापडे वापरली गेली, आणि युगांडात स्वीडिश व युगांडी शल्यचिकित्सकांनी या कल्पनेची कडक परीक्षा घेतली. ३०२ पुरुषांपैकी निम्म्यांना बाजारात सुमारे १२५ डॉलरला मिळणारी जाळी आणि निम्म्यांना डॉलरहून कमी किमतीचे मच्छरदाणीचे कापड, तेही कोणाला काय मिळाले हे रोग्याला व तपासणाऱ्याला कळू न देता, बसवण्यात आले. वर्षानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया परत आला, महाग जाळीच्या गटात एकाचाही नाही. उपद्रवांत व समाधानात लक्षणीय अंतर आढळले नाही. हा वृत्तान्त जानेवारी २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात आला, तेव्हा खानदेशातील एका गावात रुजलेला विचार जगाच्या वैद्यकाच्या अग्रभागी जाऊन बसला. महाराष्ट्रात याचा जेवढा गौरव व्हावयास हवा होता तेवढा झाला नाही, असे मला मनापासून वाटते.

याच्या अगदी उलट टोकाला जैविक जाळीचे उदाहरण आहे. मृत मानवाच्या अथवा डुकराच्या त्वचेतील पेशी काढून टाकून उरलेला कॉलेजनचा सांगाडा जाळी म्हणून वापरायचा, म्हणजे देह त्याला आपलेसे करील आणि जंतुदूषित जागीही तो टिकेल, ही कल्पना ऐकताना फार मोहक वाटते, आणि ती इतकी पटली की पुरावा येण्याआधीच तिच्यासाठी हजारो डॉलर मोजले जाऊ लागले. अखेर अमेरिकेत दूषित अथवा दूषित होण्याजोग्या जखमा असलेल्या २५३ रोग्यांवर तुलना झाली आणि २०२२ मध्ये तिचा निकाल आला. दोन वर्षांत जैविक जाळीनंतर शेकडा २०.५ आणि साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीनंतर शेकडा ५.६ पुनरुद्भव, जंतुसंसर्गात जैविक जाळीने काही विशेष लाभ दिला नाही, आणि जाळीची मध्यम किंमत एकीची २१,५३९ डॉलर, दुसरीची १०५ डॉलर. दोनशेपट पैसे देऊन जवळजवळ चौपट अपयश विकत घेतले गेले. यात कोणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. सदिच्छा होती, तर्क होता, प्रयोगशाळेतील प्रयोग होते. नव्हता तो फक्त रोग्यांचा नीट ठेवलेला जमाखर्च.

मग जाळ्यांना बाजारात येण्याची मंजुरी देणारी सरकारे काय करीत होती? अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने अशी वाट ठेवली की, नवी वस्तू आधीच बाजारात असलेल्या वस्तूशी तत्त्वतः समान आहे एवढे दाखवले म्हणजे मनुष्यांवर स्वतंत्र प्रयोग न करताही तिला परवाना मिळावा. साध्या उपकरणांच्या बाबतीत हे व्यवहार्य आहे. परंतु समान गोष्टीशी समान, तिच्याशी पुन्हा समान, अशी मालिका लांबत गेली की शेवटची वस्तू पहिलीच्या जवळपासही राहत नाही. पोटाच्या भिंतीसाठी मान्य झालेल्या जाळीच्या आधारावर स्त्रियांच्या ओटीपोटातील अवयव सावरणाऱ्या जाळ्यांना परवाने मिळाले, आणि जागा बदलली की परिणाम बदलतो या साध्या सत्याची किंमत असंख्य स्त्रियांनी असह्य वेदनांनी चुकवली. योनिमार्गे बसवण्याच्या त्या जाळ्यांची विक्री अमेरिकेने एप्रिल २०१९ मध्ये बंद करविली, आणि ब्रिटनमध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने जुलै २०२० च्या अहवालात या स्त्रियांच्या कैफियती ऐकून न घेणाऱ्या व्यवस्थेवर कठोर ठपका ठेवला.

हर्नियाच्याच क्षेत्रातील फिजिओमेशचे प्रकरण यापेक्षा अधिक शिकवणारे आहे. २०१० मध्ये बाजारात आलेली ही जाळी कागदावर निर्दोष होती. हलके पॉलिप्रॉपिलीन, मोठी छिद्रे आणि आतड्याला चिकटू नये म्हणून दोन्ही अंगांना विरघळणारा पातळ पापुद्रा, असे त्या काळच्या सर्व शिकवणुकीला धरून तिचे रूप होते. मे २०१६ मध्ये एथिकॉन कंपनीने ती परत घेतली. कोणा एका शल्यचिकित्सकाच्या हातून हे उघडकीस आले नसते, कारण एकाच्या अनुभवात दहावीस जाळ्या, त्यांतून दोनतीन अपयशे, आणि अपयशाला रोग्याचा लठ्ठपणा, खोकला किंवा स्वतःचाच हात कारण मानण्याची डॉक्टराची प्रामाणिक प्रवृत्ती. ते उघडकीस आणले जर्मनीच्या हर्नियामेड आणि डेन्मार्कच्या राष्ट्रीय हर्निया नोंदणीने, ज्यांत हजारो शस्त्रक्रिया जाळीच्या नावानिशी नोंदल्या होत्या आणि त्यामुळे या जाळीनंतर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पुनरुद्भव इतरांहून अधिक होतो हे दिसून आले. स्वीडनने अशी नोंदणी १९९२ पासून, डेन्मार्कने १९९८ पासून चालवली आहे. जी गोष्ट अमेरिकेच्या न्यायालयांत हजारो फिर्यादींना वर्षानुवर्षे भांडून निकालात काढावी लागते, तिचा सुगावा एका चांगल्या दप्तराला आधी लागतो.

यावर कोणी म्हणेल की, एवढा उपद्व्याप असेल तर जाळीच नको. हा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि त्याचे एक प्रभावी रूप पुण्यातच जन्मले. डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ साली मांडलेल्या पद्धतीत रोग्याच्याच बाह्य तिरप्या स्नायूच्या कंडरापटलाची एक पट्टी, मुळापासून न तोडता, जांघेच्या दुबळ्या भागावर आणून शिवतात. परकी वस्तू घालावी लागत नाही. पोलंडमध्ये २०८ रोग्यांवर या पद्धतीची लिक्टेनस्टाइनच्या जाळीशी तुलना झाली आणि तीन वर्षांनंतर दोन्ही गटांत दोनदोनच पुनरुद्भव आढळले. टोरांटोच्या शोल्डाइस रुग्णालयातही १९४५ पासून जाळीविना उत्कृष्ट परिणाम मिळत आले आहेत, आणि ते रुग्णालय आपल्या जुन्या रोग्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करते म्हणूनच त्या परिणामांवर जगाचा विश्वास बसला. तरुण, निरोगी मनुष्याच्या जांघेतील लहान हर्नियासाठी, त्या विशिष्ट पद्धतीत हात बसलेला शल्यविशारद मिळत असेल तर, जाळीविना दुरुस्ती हा सन्मान्य पर्याय आहे असे माझे मत आहे. जांघेच्या शस्त्रक्रियेनंतर दहात एखाद्याला दीर्घकाळ वेदना राहते हे लक्षात घेता रोग्यासमोर हा पर्याय ठेवलाच पाहिजे. पण पोटाच्या मध्यावरील मोठ्या हर्नियात हॉलंडचे आकडे आडवे येतात, आणि तेथे जाळीला पाठ फिरवणे म्हणजे रोग्याला दुसऱ्या शस्त्रक्रियेचे आमंत्रण देणे होय.

याशिवायही एक वाट आहे, आणि ती दुर्लक्षित आहे. व्रणातून येणारा हर्निया हा शल्यचिकित्सकाच्याच हातून निर्माण होतो. पोट उघडल्यानंतर ते बंद कसे करावे, या अखेरच्या आणि म्हणून थकलेल्या हातांवर सोडल्या जाणाऱ्या कामावर तो बराचसा अवलंबून असतो. हॉलंडमध्येच ५६० रोग्यांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, कडेपासून पाच मिलिमीटरवर आणि तेवढ्याच अंतराने लहान लहान टाके घातले तर वर्षानंतर शेकडा १३ जणांना, आणि सेंटिमीटरभराचे मोठे टाके घातले तर शेकडा २१ जणांना हर्निया झाला. या सुधारणेला वेगळी जाळी लागत नाही, परवाना लागत नाही. लागतात ती जास्तीची काही मिनिटे आणि कनिष्ठ डॉक्टराच्या शेजारी उभा राहणारा वरिष्ठ. तिची जाहिरात कोणी करीत नाही, यात आश्चर्य नाही.

आपल्या देशात वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ ची नियमावली आहे, एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आणली गेली आहेत, आणि २०१५ पासून उपकरणांच्या दुष्परिणामांचे अहवाल गोळा करण्याची एक राष्ट्रीय योजनाही चालू आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे; तथापि दुष्परिणामाच्या अहवालातून एवढेच कळते की अमुक जाळीविषयी इतक्या तक्रारी आल्या. ती जाळी एकंदर किती जणांना बसवली होती हे ठाऊक नसेल, तर दहा तक्रारी दहा हजारांत आल्या की दोनशेंत, हे कसे समजावे? भागाकाराला भाजक हवा, आणि तो भाजक नोंदणीवाचून मिळत नाही. युरोपीय संघाने मे २०२१ पासून लागू केलेल्या नियमांत शस्त्रक्रियेच्या जाळीला सर्वांत कडक वर्गात टाकले आहे आणि देहात ठेवलेल्या वस्तूचे नाव व क्रमांक असलेला दाखला रोग्याच्या हाती देणे बंधनकारक केले आहे. आपल्याकडे मात्र कित्येकदा घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर जाळी बसवली एवढाच शेरा असतो. कोणत्या द्रव्याची, किती वजनाची, कोणत्या थरात, कोणत्या कारखान्याच्या कोणत्या खेपेतील, याचा पत्ता नसतो, आणि दहा वर्षांनी पोट दुखू लागले की दुसऱ्या गावच्या डॉक्टराला ते पोट उघडूनच शोधावे लागते.

मच्छरदाणीच्या कापडाला तर ही नोंद अधिकच आवश्यक आहे. एका गिरणीचे कापड पॉलिइथिलीनचे असेल, दुसरीचे पॉलिएस्टरचे, तिसरीने त्यावर कीटकनाशक चढवले असेल. १२१ अंशांच्या वाफेत जे टिकते ते त्याहून अधिक उष्णतेत आकसून बिघडते. स्वस्त जाळीचे मी समर्थन करतो ते याच अटीवर, की तिचे कापड निश्चित असावे, निर्जंतुकीकरण निश्चित असावे आणि ती ज्याच्या पोटात गेली त्याचे नाव दप्तरी असावे. गरिबाला स्वस्त वस्तू द्यावी, पण बेवारस वस्तू देऊ नये.

आक्षेप येतो तो मनुष्यबळाचा. तालुक्याच्या गावी एकटा शल्यचिकित्सक, त्याच्यापुढे रांग लागलेली, आणि त्याने आणखी वह्या भरायच्या कशा? हा आक्षेप खरा आहे, पण निर्णायक नाही. बाजारातील प्रत्येक जाळीच्या खोक्यात तिचा क्रमांक छापलेली चिकटपट्टी असते. ती एक रोग्याच्या कागदावर आणि एक शस्त्रक्रियागृहाच्या वहीत लावण्यास अर्धे मिनिट लागते. वर्षातून एकदा दूरध्वनी करून, फुगवटा परत आला का, दुखते का, आणि दुसरीकडे पुन्हा शस्त्रक्रिया झाली का, हे तीन प्रश्न विचारण्यास परिचारिका पुरेशी आहे. सरकारी विमा योजनेतून ज्या शस्त्रक्रियांचे पैसे दिले जातात त्यांच्या देयकावर जाळीचा क्रमांक लिहिल्याशिवाय रक्कम मंजूर करू नये, एवढा एक हुकूम निघाला तरी राज्याच्या मोठ्या भागाची नोंदणी वेगळा खर्च न करता सुरू होईल. दोंडाईच्याच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी पाठबळाची वाट न पाहता २००३ पूर्वी हेच केले होते, आणि त्यांच्याजवळ संगणकांचे जाळे नव्हते.